घरी राहिलेली मतं

सोमवारी दुपारी लेम प्रॅट लाकडाच्या खोपटापुढे बसून करवतीला धार लावत होते आणि त्यांची मुलगी थर्झा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. ऊन होतं, पण नोव्हेंबरातलं. अंगावर पडत होतं, आत पोचत नव्हतं. करवत लांबलचक, दोन्ही टोकांना मुठी असलेली, दोघांनी मिळून ओढायची. बाबा एका दातावर कानस फिरवायचे, बोटाने चाचपायचे, मग पुढचा दात. डोळे अधू झाल्यापासून त्यांची सगळी भिस्त बोटांवर होती, आणि वाचायचं असलं की थर्झावर.

दुसऱ्या दिवशी गव्हर्नरची निवडणूक होती. वर्तमानपत्रात दुसरं काही नव्हतंच. रिपब्लिकनांचा व्हिटलो आणि डेमोक्रॅटांचा गॅरिटी यांच्यात इतकी चुरस होती, की पहिल्या पानावर व्हिटलो नक्की येणार असं लिहिलं होतं आणि आतल्या पानावर तेच वर्तमानपत्र काही सांगता येत नाही म्हणत होतं. थर्झाने गॅरिटीचं भाषण वाचलं. ज्यांनी पाट खणले त्यांचंच पाणी, ते मी कंपनीच्या घशात जाऊ देणार नाही, असं तो कुठल्याशा सभेत म्हणाला होता.

"परत वाच," बाबा म्हणाले.

तिने परत वाचलं.

"हं," असं म्हणून ते पुढच्या दाताकडे वळले.

त्या 'हं'चा अर्थ थर्झाला लागेना. बाबा जन्माचे रिपब्लिकन. त्यांचे वडील रिपब्लिकन सरकारच्या फौजेचा निळा कोट घालून यादवी युद्धावर गेले ते परत आलेच नाहीत. कोटाची बटणं तेवढी आली. डेमोक्रॅटला मत देणं म्हणजे त्या बटणांवर पाय देणं, असं या घरात मानत. आणि तरी गॅरिटीचं भाषण दोनदा वाचायला सांगितलं होतं, व्हिटलोचं एकदाही नाही.

अर्थात बाबांना काय वाटतं याने काही फरक पडणार नव्हता. ते मत द्यायला जाणारच नव्हते.

याच पाटावर, पाण्याच्या खालच्या अंगाला, नील्स ओस्टरगार्ड यांची शेती होती. डेन्मार्कहून आलेले, आणि पक्के डेमोक्रॅट; कारण या देशात उतरल्यावर ज्याने त्यांना पहिलं काम दिलं तो डेमोक्रॅट होता. बाबांचा हा एकुलता एक जिवाभावाचा मित्र. फार पूर्वी एका नोव्हेंबरात दोघं एकाच गाडीतून मतदानाला निघाले, नदीच्या उतारात गाडी कलंडली, घोडा जाता जाता वाचला. काठावर कुडकुडत बसले असताना नील्स म्हणाले होते, की तुझं मत माझ्या मताला खाणार आणि माझं तुझ्या मताला, मग त्यापायी घोडा कशाला मारायचा? तेव्हापासून दोघांची जोडी ठरली. तू जायचं नाहीस, मी जायचं नाही. मतदानाच्या दिवशी सकाळीच नील्स प्रॅटांकडे यायचे आणि दोघं दिवसभर हिवाळ्याचं लाकूड कापायचे. करवत एकट्याला चालत नाही, तेव्हा एक जण गुपचूप सटकला तर दुसऱ्याला तिथल्या तिथे कळणार, असं ते हसून सांगत.

तशा जोड्या त्या मुलखात आणखीही होत्या. पण बाकीच्यांच्या कधी ना कधी फुटायच्या. संध्याकाळच्या सुमाराला कोणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून शाळेच्या मागच्या दाराने मत टाकायला आलेला दिसायचाच. ही एक जोडी कधी फुटली नाही. पुढे नदीवर पूल झाला, गावात जाणं अर्ध्या दुपारचं काम झालं, तरी जोडी राहिली.

मग या राज्यात बायकांना मत मिळालं. त्या वर्षी थर्झाला नुकतीच एकवीस वर्षं पूर्ण झाली होती. पहिल्या मतदानाच्या सकाळी तिने पांढऱ्या ब्लाउजला इस्त्री केली. कॉफी घ्यायला बसले असताना बाबा नील्सकाकांना सहज म्हणाले, "थर्झापण घरीच राहील. तुझ्याकडे बाईमाणूस नाही. ती गेली तर हिशोब बिघडतो." नील्सकाकांची बायको आदल्याच वर्षी गेली होती. ते म्हणाले, "आभारी आहे, लेम." थर्झाने दोघांच्या कपात कॉफी ओतली आणि तो दिवस गेला. पुढच्या निवडणुकीचाही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. गावातल्या महिला मंडळाच्या वाचनालयातलं एकही कपाट तिने वाचायचं ठेवलं नव्हतं. राज्याची घटना तिला मुखोद्गत होती. मतदानाच्या आदल्या आठवड्यात बायका तिच्याकडे येत, हा काय म्हणतो, तो काय म्हणतो विचारत. ती समजावून सांगायची. मग त्या मत देऊन यायच्या आणि ती बटाटे सोलायची.

यंदा मात्र तिने ठरवलं होतं. करवत झाली की सांगायचं, बाबा, उद्या मला जायचंय. एवढंच. एवढं वाक्य बोलायला असं कितीसं बळ लागतं? पण करवत झाली तेव्हा बाबा खांदा चोळत उठले, म्हणाले, थंडी सांध्यात शिरली, आणि आत गेले. मग वाटलं, जेवताना.

जेवायला घेवड्याचे दाणे होते, खारवलेलं डुकराचं मांस आणि मक्याचा पाव. बाबा करवतीविषयीच बोलत होते. उद्या लोण्यातून जावी तशी जाईल म्हणाले. नील्सला दुपारपर्यंत दम लागला नाही तर नाव बदलीन म्हणाले. थर्झा म्हणाली, "बाबा..."

"काय गं?"

"उद्या नील्सकाकांना जेवायला काय करू?"

"त्याला ते तुझे कुरकुरीत बटाटे आवडतात. भरपूर कर. फुकटचं असलं की डॅनिश माणूस जास्त खातो," बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

त्या हसण्यानंतर ते वाक्य काढणं तिला बरं वाटलं नाही. सकाळी, तिने मनाशी म्हटलं.

सकाळी ती चुलीपाशी होती तेव्हा बाबा करवत घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळाने नील्सकाकांची गाडी वाजली. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग नील्सकाका स्वयंपाकघराच्या दारात आले, टोपी हातात धरून. ही टोपी त्यांनी या घरात आजवर कधी काढली नव्हती.

लाकूड कापायच्या घोडीला टेकून बाबा बसले होते. दमल्यावर बसतात तसे. थर्झाने त्यांच्या गालाला हात लावला, कॉलर सारखी केली, त्यांच्या गुडघ्यावरचा भुसा झटकला. काय केलं पाहिजे ते तिला कळत होतं आणि कळत नव्हतं. आत जाऊन तिने चुलीवरची तवी बाजूला काढली, बटाटे करपू नयेत म्हणून. तेवढं केल्यावर पुन्हा बाहेर आली आणि नील्सकाकांना म्हणाली, "तुम्ही पाय धरा."

बाबांना पुढच्या खोलीत आणून फळीवर निजवलं. डॉक्टर दूर कुठे कोणाचं बाळंतपण करायला गेला होता, आणि असता तरी त्याने येऊन काय केलं असतं? शेजारच्या ऑगस्टा बिंगम आल्या. त्या सकाळीच गावात जाऊन मत टाकून आल्या होत्या, अजून चांगल्या कपड्यांत होत्या. बाह्या सरसावून त्यांनी पाणी तापवायला लावलं. मरणाच्या घरी काय काय लागतं हे त्यांना पाठ होतं. चादरी कुठे आहेत, कंगवा कुठे आहे हे त्या थर्झाला विचारत आणि थर्झाला आपल्याच घरातलं काही आठवत नसे. कंगवा म्हणून तिने त्यांच्या हातात कपड्यांचा ब्रश दिला. कॉफी केली ती बाबांना धरून नेहमीसारखी तीन कप केली, आणि तिसरा कप घेऊन पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. दारात ऑगस्टाबाईंनी तिच्या हातून तो मुकाट्याने घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

"आता तू जरा बाहेर जा," त्या म्हणाल्या. "याला कपडे मी घालते. मुलीने करू नये."

बाहेर विचित्रच आवाज येत होता. नील्सकाका ती करवत एकट्याने चालवायला बघत होते. एका मुठीवरून ओढली की दुसरं टोक हवेत नाचायचं, पातं वाकायचं आणि लाकडात अडकायचं. ते सोडवायचे, परत ओढायचे, परत अडकायचं. घामाने निथळत होते, आणि लाकडावर नखाने ओरखडावं तेवढीसुद्धा खाच पडली नव्हती.

"काय करताय हे?" थर्झाने विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "चूल पेटती राहायला हवी ना. माणसं येतील." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आज मंगळवार आहे. मला दुसरं काय करायचं ते सुचत नाही."

तिने जाऊन दुसरी मूठ धरली.

"ओढायचं फक्त," ते म्हणाले. "ढकलायचं नाही. तुझं झालं की सोडून द्यायचं, मी ओढतो."

पहिल्यांदा तिने ढकललंच. मग जमलं. बाबांनी धार खरंच चांगली लावली होती. ओंडका खाली पडला, त्यांनी दुसरा घेतला. बोलणं त्या लयीत आपोआपच येऊ लागलं; दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागत नव्हतं, पात्याकडे पाहिलं की पुरे होतं.

नील्सकाकांच्या मनात सकाळपासून एकच घोळत होतं आणि ते त्यांनी तिला सांगून टाकलं. लेम गेला, तर जोडीचं काय? माणूस मेला की शब्द सुटतो, की उलट जास्त घट्ट होतो? जिवंत माणसाला निदान विचारता येतं, शब्द मोडू का म्हणून. मेलेल्याला कोण विचारणार? आणि तो नाही म्हणाला असता की हो, हे कोणी ठरवायचं? त्यांना एक उपाय सुचला होता. थर्झाने गावात जाऊन आपल्या चिठ्ठीवर लेमचं मत टाकावं. आपण आपलं टाकू. दोन्ही मतं एकमेकांना खातील, म्हणजे लेम असता तर झालं असतं तेच होईल.

थर्झाला ते ऐकताना बरोबर वाटलं, आणि संपता संपता चुकीचं वाटलं. कुठे चुकलं ते सापडेना. ती म्हणाली, "बाबांचं मत म्हणजे व्हिटलो."

नील्सकाकांनी करवत थांबवली.

"तेच तर," ते म्हणाले. "शनिवारी लेम मला म्हणाला, गॅरिटी पाण्याचं बरोबर बोलतो. म्हणाला, हे माझ्या बापाला कळू देऊ नकोस."

"काल मला ते भाषण दोनदा वाचायला लावलं."

"बघ. पण रविवारी चर्चमधून येताना म्हणाला, छे, व्हिटलोच. आणि पूल ओलांडताना परत म्हणाला, बघू या. अरे, म्हटलं, तू मत द्यायला जाणारच नाहीस, तर बघू या काय? तर म्हणाला, जाणार नाही म्हणून विचार करायचा नाही का?"

हे शेवटचं बाबांच्या आवाजातच ऐकू आल्यासारखं झालं. थर्झाला मूठ घट्ट धरावी लागली.

"आणि दुसरं एक आहे," नील्सकाका जरा चाचरत म्हणाले. "मी यंदा व्हिटलोला दिलं असतं."

"तुम्ही?"

"गॅरिटी निवडून आला की बिअर बंद करणार, गावोगावचे गुत्ते बंद करणार म्हणतो. मी डॅनिश आहे, पोरी. बिअर गेली तर माझ्यात आणि दारूला न शिवणाऱ्या मेथॉडिस्टात फरक काय राहिला?"

म्हणजे पाण्यासाठी रिपब्लिकन डेमोक्रॅटकडे आणि बिअरसाठी डेमोक्रॅट रिपब्लिकनकडे, आणि दोघं लाकूड कापत घरी. थर्झाला हसू आलं. हसू आलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग तिने पाहिलं की नील्सकाकाही हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून मिशांत चाललं होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. हात करवतीवर होते.

तेवढ्यात फाटकात एक बग्गी आली. पिवळ्या चाकांची, घोड्याच्या लगामाला रिबिनी. रिपब्लिकन पक्षाचे जिल्ह्यातले कारभारी मिस्टर कॉब खाली उतरले. इतकी वर्षं या घराकडे कोणी फिरकत नसे, पण यंदा एकेका मताला मोल आलं होतं आणि कॉब लेमची जोडी फोडायला निघाले होते. "काय लेम, आज तरी..." असं दुरूनच म्हणत आले, करवतीच्या टोकाला थर्झाला पाहून गडबडले, आणि नील्सकाकांनी दोन शब्दांत सांगितल्यावर टोपी काढून छातीशी धरून उभे राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते आत जाऊन आले, ऑगस्टाबाईंशी हलक्या आवाजात बोलले, बाहेर येऊन नाक शिंकरलं. मग घोड्याजवळ थोडा वेळ उभे राहून परत आले.

फार वाईट झालं, ते म्हणाले. असा माणूस होणे नाही. आज असं बोलू नये हे त्यांना कळत होतं, पण मतदान सातला बंद होणार आणि गव्हर्नर काही पुन्हा उद्या निवडता येत नाही. मिस थर्झा आली तर तासाभरात नेऊन आणतो. वडिलांचं मत वडिलांच्या पक्षाला मिळालं, तर त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल. आणि मिस्टर ओस्टरगार्ड यांनी घरी राहावं हे उत्तम, कारण शब्द हा शब्द असतो, तो माणसाबरोबर मरत नाही.

"असं कुठे लिहिलंय?" नील्सकाकांनी विचारलं.

"काही गोष्टी लिहाव्या लागत नाहीत," कॉब गंभीरपणे म्हणाले.

"मी व्हिटलोला देणार होतो," नील्सकाका म्हणाले.

कॉबनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, की तसं पाहायला गेलं तर करार दोघांचा असतो, आणि दोघांपैकी एक गेला की उरतं काय? कायद्याने म्हणा, माणुसकीने म्हणा, शब्द तिथेच संपतो. त्यांच्या बग्गीत तिघांची जागा होती.

ते इतक्या सहज वळले की थर्झा क्षणभर पाहतच राहिली. कॉबचा राग येण्याइतकंही तिचं मन एका जागी नव्हतं. ती म्हणाली, "बाबांना कोणाला द्यायचं होतं ते मला माहीत नाही, मिस्टर कॉब."

"लेम प्रॅटला कोणाला द्यायचं होतं, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे, मिस."

"जिल्ह्याला असेल."

कॉबनी टोपी घातली. रस्ता मोकळाच आहे, विचार बदलला तर कळवा, असं म्हणून ते गेले. त्या दिवशी त्यांना अजून बरीच घरं घ्यायची होती. बग्गी वळेपर्यंत दोघं नुसतेच उभे होते.

"त्याचं एक बरं आहे," नील्सकाका म्हणाले. "त्याला गोंधळ होत नाही."

थर्झा कापलेल्या ओंडक्यावर बसली. गुंता सोडवायचा म्हणून तिने एक टोक धरलं की दुसरंच हाती येत होतं. बाबांचं मत टाकायचं, तर बाबांचं मत कोणतं? शनिवारचं की रविवारचं, की पूल ओलांडतानाचं? ते कोणतंही असलं तरी ते त्यांच्याबरोबर गेलं. जोडी राखायची, तर नील्सकाकांच्या विरुद्ध द्यायचं, म्हणजे गॅरिटीला. म्हणजे निळ्या कोटाच्या घरातून डेमोक्रॅटला. जोडी मोडायची, तर ती बाबांच्या मरणाच्या दिवशी मोडायची. आणि घरी राहायचं, तर ते आजवर जमलंच होतं. त्याला नवीन काही करावं लागत नव्हतं. सगळ्यात सोपं तेच होतं. बटाटेही अर्धे झालेले होते.

"तू काय करणार?" नील्सकाकांनी विचारलं.

"मला काही कळत नाही. बाबांचा शब्द होता."

"लेमचा होता. माझा होता," ते म्हणाले. "मी विचार केला. मी मत टाकणार नाही. तो लुच्चा काहीही म्हणो. बिअर गेली तर गेली. लेम करवत घेऊन बाहेर आला होता म्हणजे त्याने आपली बाजू पाळली, मला माझी पाळली पाहिजे." एवढं बोलून ते खाली बसले, तिच्यासमोर, जमिनीवरच, भुशात. "पण तू कोणाला शब्द दिलास? मी आठवून बघतोय. त्या दिवशी लेम म्हणाला, थर्झा घरीच राहील. मी त्याला आभारी आहे म्हटलं. लेमला म्हटलं. तुला नाही म्हटलं. तू कॉफी ओतत होतीस."

थर्झा ओंडक्याची सुटलेली साल नखाने सोलत राहिली.

"तुला कोणी विचारलंच नाही," नील्सकाका म्हणाले. हे त्यांनाही आत्ताच दिसल्यासारखं ते हळू बोलले. "तुला जायचं होतं का गं?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ इतकी वर्षं तयार होतं, आणि आता ते तोंडाशी येईना. जे ज्याला सांगायचं ते त्याला सोडून दुसऱ्याला पहिल्यांदा सांगायचं, हे तिला जमेना. कालचा दिवस तिच्या डोळ्यांपुढे आला. एकच वाक्य होतं. 'हं' म्हणून बाबा पुढच्या दाताकडे वळले असते, कदाचित. कदाचित म्हणाले असते, मग आधी का नाही बोललीस? किंवा रागावले असते. किंवा, कोण जाणे, पुलावर नील्सकाकांशी बोलले तसंच तिच्याशीही बोलले असते, व्हिटलोचं काय, गॅरिटीचं काय. त्यांनाही कोणीतरी हवंच होतं. ते काय म्हणाले असते हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. बाकी सगळं गोंधळाचं होतं, एवढं एक मात्र लख्ख होतं.

"मी गाडी जोडतो," नील्सकाका उठत म्हणाले. "मी बाहेर बसेन. आत येणार नाही, आणि तू कोणाला दिलंस ते विचारणार नाही."

"मला अजून ठरवता आलेलं नाही कोणाला."

"तिथे चिठ्ठी हातात धरून उभं राहून ठरवतात लोक. मला आठवतं त्याप्रमाणे."

ती स्वयंपाकघरातून आत गेली, हात धुतले, भुसा झटकला. पुढच्या खोलीत ऑगस्टाबाई खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बाबांना काळा कोट घातला होता, केस ओले करून मागे बसवले होते. तसे ते कधीच विंचरत नसत. थर्झाने हलक्या हाताने ते विस्कटून नेहमीसारखे केले.

गावात जाऊन येते म्हटल्यावर ऑगस्टाबाईंच्या भुवया वर गेल्या. "आज?" त्या म्हणाल्या. "कॉब म्हणत होता खरं, पण मी म्हटलं ती काही जायची नाही. थर्झा, लोक काय म्हणतील? बाप घरात असताना."

"तुम्ही जरा थांबाल ना यांच्याजवळ?"

"थांबेन गं. थांबायचं काय." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चुलीवरचं पाणी बघते म्हणून त्या उठल्या आणि जाताना दार अर्धं लोटून घेतलं.

खोलीत थंडी होती. तिथली शेगडी मुद्दामच पेटवली नव्हती. बाबांच्या बोटांना कानशीचा काळा रंग तसाच होता. ऑगस्टाबाईंनी घासूनही तो निघाला नव्हता. बाहेर नील्सकाका घोड्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होते. थर्झाला वाटलं, आता रडू येईल, तर तेही नीट आलं नाही. ती फळीजवळ उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यांच्या बाहीवर ठेवले.

"बाबा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, जेवायला हाक मारावी तसा. "मी गावात जाऊन येते. नील्सकाका आत येणार नाहीत, त्यांनी तुम्हाला दिलेला शब्द पाळलाय. मी दिला नव्हता." तिने श्वास घेतला. "तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही कधी बोलले नाही. मला जायचं होतं, बाबा. पहिल्या वर्षीही. दर वेळी मला जायचं होतं."